आत काय बोलणं झालं

प्रिय चिमणे,

‘मी मजेत आहे’ असं लिहून सुरुवात करायची माझी सवय तुला ठाऊक आहे. या वेळी ते वाक्य गाळलंय. दुकान चालू आहे. तुझे भावोजी चष्म्याच्या काड्या फिरवून ढिल्या करतात, मी त्या घट्ट करते, संसार तोच. परवा एका आजोबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून नंबर वाढलाय म्हणून सांगितलं, तर म्हणाले, “पोरी, तुझा तक्ताच मळलाय, पूस आधी!” मी खूप हसले, आणि हसता हसता धाप लागून स्टुलावर बसले. त्या धापेबद्दलच लिहायचंय.

आजारी माणसानं डॉक्टरांसमोर शेवटपर्यंत बसायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तपासून झालं की त्याला बाहेर पाठवायचं आणि खरं बोलणं धडधाकट माणसानं ऐकायचं. हा पायंडा आईनं पाडला. माझ्या स्तनाच्या ऑपरेशननंतरही तेच झालं. पट्ट्या बांधलेली मी बाहेर बाकावर, आणि आत तू. बाहेर आलीस ती रडत-हसत. “ताई, सुटलीस गं! गाठ मुळासकट गेली. आता नुसतं खा आणि लोळ.” मी तुझ्या गळ्यात पडले, एकाच हातानं, दुसरा उचलत नव्हता.

आणि मी खरंच खाल्लं, लोळले. साखर मला आधीपासून होतीच. पण तू म्हणालीस, वाघाला लोळवलंस, आता मांजराला काय भ्यायचं? तुझे गोडाचे डबे येत राहिले. गोळी चुकली की “चुकू दे गं एखादी”, चालायला निघाले की “दमशील, बस”. वर्षभर हेच. एवढे लाड माझ्या लग्नातही झाले नव्हते.

गेल्या महिन्यात पाय सुजले, चप्पल चढेना. तू प्रवासात होतीस, म्हणून एकटी गेले आणि पहिल्यांदाच आतल्या खुर्चीत शेवटपर्यंत बसले. डॉक्टर वैतागलेच. म्हणाले, “बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं. गाठ लवकर सापडली, तिची भीती कमी आहे. तुमचं हृदय दुबळं आहे, त्यात साखर. ही दोन सांभाळली नाहीत तर ऑपरेशन चांगलं होऊन काय उपयोग?” मी म्हटलं, मला कोणी सांगितलंच नाही. तर म्हणाले, “तुमच्या बहिणीनं हात जोडले होते. म्हणाल्या, एवढ्यात नको, मीच सांगेन तिला.”

घरी येऊन यांना विचारलं. हे एक काच पुसत बसले होते, ते पुसतच राहिले. म्हणजे यांनाही ठाऊक होतं.

चिमणे, तू घाबरलीस, हे मला कळतं. मी खचेन म्हणून गप्प बसलीस, तेही समजून घेईन कधीतरी. पण गप्प बसणं वेगळं आणि सगळं ठाऊक असून पुढ्यात गोडाचं ताट सरकवणं वेगळं. तुम्ही दोघांनी माझा जीव आपसात वाटून घेतलात आणि मला त्यात हिस्साच ठेवला नाहीत. परक्यानं केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं की तू लहानपणी माझ्या पाठीला चिकटून झोपायचीस ते आठवतं, आणि मग जास्तच राग येतो.

आता औषधं बदललीत. रोज चालते, कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत जाऊन येते. वाया गेलेलं वर्ष किती महागात पडलं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. एक सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. काल दवाखान्यात जाऊन माझ्या कागदावरचा तुझा फोन नंबर काढायला लावला आणि माझा दिला. यापुढे तुला तिकडून फोन येणार नाही. आला नाही म्हणजे मी बरी आहे, असं समजू नकोस. मला विचार. मी खरं तेच सांगेन, आणि ते तुला ऐकावं लागेल.

अजून तरी तुझीच,
ताई