ओकवर आहे, साडेतीनला येतो

१४ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

धनुष्यबाणाचा हंगाम आज उघडला. उजाडता उजाडता ओकच्या झाडावरच्या मचाणावर चढलो, नऊला उतरलो. हरणाच्या तीन माद्या दिसल्या. तिघींनाही मी दिसलो. एकीने पुढचा पाय आपटला, नाकातून फुर्र केलं आणि पांढऱ्या शेपट्या वर करून तिघी पळाल्या.

हरकत नाही. चूक लगेच सापडली. सकाळी कॉफी प्यालो होतो.

यंदा जज्ज माझा. जज्ज म्हणजे ओढ्याकडचा दहा फाट्यांच्या शिंगांचा नर. तीन वर्षं हुलकावणी देतोय. मान वर करून असा बघतो की आता शिक्षा सुनावणार. तो मिळाला की सॉसेज करायचे आणि मार्लिसला फोन करायचा. हरणाचं सॉसेज म्हणजे तिचा जीव की प्राण. ते एकटीने खाण्यात मजा नाही हे तिला कळेल आणि थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत ती घरी येईल. इतकं सोपं आहे.

एप्रिलपासून ती गावात बेकरीच्या वरच्या खोलीत राहते. जाताना म्हणाली, "एकतीस वर्षं मी चिठ्ठ्यांशी संसार केला, व्हर्लिन. आता पुरे." चिठ्ठ्या म्हणजे शिकारीला जाताना टेबलावर ठेवतो त्या. कुठल्या झाडावर, किती वाजता परत. नियमच आहे तो. पडलोबिडलो तर कोणाला तरी माहीत हवं. पण तिचं म्हणणंही खोटं नाही, मी त्या दुधाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहायचो. दुधाचा टँकर चालवणाऱ्याच्या घरी दुसरा कागद कुठला. म्हणून यंदा रेघांचं चांगलं पॅड आणलं.

आज पहिली चिठ्ठी: "ओकवर आहे, दहाला येतो." मिठाच्या बरणीखाली ठेवली. परत आलो तेव्हा तिथेच होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

वासाचा बंदोबस्त केला. बिनवासाचा साबण. शिकारीचे कपडे पाइनच्या डहाळ्यांबरोबर डब्यात बंद. कॉफी बंद, कांदा बंद, बेकन बंद. उकडलेला बटाटा आणि पाणी.

घराला आता कसलाच वास नाही. दुपारी आत आलो तर क्षणभर वाटलं, इथे कोणी राहत नसावं. म्हणजे उपाय लागू पडतोय.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. प्रार्थनेला माझी हरकत नाही, नंतरच्या कॉफीला आहे. तळघरातली ती कॉफी कोटात आठवडाभर मुरते. पास्टरबाईंचा फोन आला, सगळं ठीक ना म्हणून. म्हटलं उत्तम. त्या म्हणाल्या, तुमचा बाक रिकामा दिसला. म्हटलं, दिसलो नाही हेच चांगलं आहे. त्यांना शिकारीतलं कळत नाही.

मादी एक. पळाली. तिने आधी मला पाहिलं की मी तिला, यावर मतभेद होऊ शकतो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मार्लिसचा फोन. ऑगस्टनंतर पहिलाच. मी फोनकडे पळत गेलो असं नाही, जवळच उभा होतो.

सहज केला म्हणाली. शुक्रवार आहे, तळलेले मासे खायला येतोस का, लवकर गेलं तर खिडकीजवळचं टेबल मिळेल. मी तिला नीट समजावून सांगितलं की तळणीचा वास केसांत दोन दिवस राहतो आणि उद्या वारा नेमका पश्चिमेचा आहे. ती म्हणाली, "बरं."

एकतीस वर्षांच्या अनुभवावरून लिहितो: मार्लिस रागावली की भांडते. "बरं" म्हणत नाही. म्हणजे रागावलेली नाही.

रात्री बटाटा.

५ ऑक्टोबर, शनिवार

वारा पूर्वेचा निघाला. काही आलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

वास नव्हे, हालचाल. मूळ दुखणं हेच. मी नाक खाजवतो.

म्हणून सराव. पूर्ण पोशाख घालून, तोंडाला हिरवा-काळा रंग फासून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तासभर न हलता बसायचं ठरवलं. चाळीस मिनिटं झाली आणि टाकीत गॅस भरणारा माणूस आला. खिडकीतून आत बघितलं. काच वाजवली. मला हाका मारल्या. वीस मिनिटं बाकी होती, मी हललो नाही. त्याने टोपी काढली आणि गॉर्डीला फोन लावला.

गॉर्डी म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ, दोन मैलांवर राहतो. दार उघडून आत आला तोपर्यंत तास भरला होता, मी उठलो. त्याची किंकाळी मी आजवर ऐकली नव्हती.

मग खुर्चीत बसून खूप बोलला. म्हणे, "लेका, मी वाटेत तुझ्या शवपेटीचं लाकूडसुद्धा ठरवून आलो." म्हणे, तू गावात दिसत नाहीस, चर्चमध्ये दिसत नाहीस, फक्त त्या हरणालाच तेवढा दिसतोस. जाताना आणखी एक अक्कल शिकवली: "आणि त्या ओकवर बसणं सोड. मागे दुसरं झाड नाही. पानं गळली की दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखा दिसशील."

गॉर्डी बंदूकवाला आहे. धनुष्यातलं त्याला काय कळणार.

ही बातमी त्याने मार्लिसला सांगितली असणार. बरंच झालं. मी किती मनापासून करतोय हे तिला कळेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

परवाच्या वाऱ्यात ओकची सगळी पानं गेली. हा फायदाच आहे, आता मलाही लांबचं दिसतं. ओढा दिसतो, कापलेल्या मक्याचं शेत दिसतं आणि पलीकडे आपलं घर. स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोर. तिथे मार्लिस भांडी घासत उभी असायची. तेव्हा माझं लक्ष ओढ्याकडे असायचं, त्यामुळे खिडकीकडे कधी नीट बघितलं नाही. आज बघितलं. कोणी नव्हतं.

चिठ्ठ्या आता बरणीखाली मावत नाहीत. बरणी डुगडुगते.

३ नोव्हेंबर, रविवार

जज्ज आला होता. आणि गेला.

लिहायला बरं वाटत नाही, पण ही वही माझी एकट्याची आहे. मी वर बसून बोलत होतो. मोठ्याने. घर तापवायच्या भट्टीचा पंखा कसा खडखडत होता आणि तो मी कसा दुरुस्त केला ते मार्लिसला सांगत होतो. अर्धी गोष्ट झाली होती. खाली बघितलं तर जज्ज पंधरा पावलांवर, मान वर, कान माझ्याकडे. बराच वेळ ऐकत होता असं वाटलं. मी धनुष्याला हात घालताच गेला.

नवा नियम: वर बोलायचं नाही. खालीही कमी करावं. काल दुकानातल्या बाईला भट्टीचा पंखा सांगितला होता, तिच्या मागे माणसं खोळंबली होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मार्लिसचा फोन. शनिवारी साडेतीनला येते म्हणाली. मुरंब्याच्या बरण्या उकळायचं मोठं पातेलं न्यायचंय. पुढे म्हणाली, "आणि बोलायचंही आहे तुझ्याशी. समोरासमोर. घरी असशील ना?" म्हटलं, म्हणजे काय, असेनच. ती म्हणाली, "झाडावर नाही ना जाणार?" म्हटलं, मार्लिस, शब्द देतो. तिने उशिरा येऊ का विचारलं असतं तर शिकारीच्या दृष्टीने बरं झालं असतं, पण अंधारात ती गाडी चालवत नाही.

पातेलं हे निमित्त आहे. बेकरीच्या वरच्या त्या खोलीत एवढं पातेलं मावणारसुद्धा नाही. ती परत येतेय. सॉसेजशिवायच.

आनंद झाला. लिहून ठेवतो, खूप आनंद झाला.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १

सकाळपासून झाडलोट. ओटा घासला. दाढी केली. तिचा निळा कप काढून ठेवला.

वारा वायव्येचा, मंद. ढगाळ. नर माद्यांमागे भर दिवसा वेड्यासारखे फिरतात ते हेच पंधरा दिवस, त्यातला आजचा दिवस सर्वांत चांगला. साडेतीनला अडीच तास आहेत. नुसतं खुर्चीत बसून मी करणार काय. दीड-दोन तास वर बसतो आणि सव्वातीनला उतरतो. घर समोर दिसतंच. चिठ्ठी ठेवली: "ओकवर आहे, साडेतीनला येतो."

त्याच दिवशी. संध्याकाळी ५

क्रमाने लिहितो.

तीन दहाला जज्ज ओढ्यातून वर आला. तीन वाजून बारा मिनिटांनी माझ्या मागच्या झुडपात, वीस पावलांवर. मध्ये काटेरी फांदी, बाण सोडता येईना. मी श्वास रोखला. त्याला माझा पत्ता नव्हता. हंगामात पहिल्यांदा, खरं तर तीन वर्षांत पहिल्यांदा.

सव्वातीनला उतरायचं होतं. उतरलो असतो तर तो गेला असता.

तीन वीसला मार्लिसची गाडी आली. नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी. ती आत गेली. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी आली. स्वेटर गुंडाळून शेताच्या कडेपर्यंत चालत आली. मक्याच्या खुंटांमध्ये उभी राहिली आणि हाक मारली. "व्हर्लिन."

जज्जने मान तिच्याकडे केली. पण तो हलला नाही. मीही हललो नाही.

तिने पुन्हा हाक मारली. थांबली. मग तिसऱ्यांदा, जरा हळू. आवाज मला अगदी जवळून आल्यासारखा ऐकू आला. मी ओ दिली नाही. वीस पावलांवर नर असताना माणूस ओ देत नाही, हे मार्लिसला माहीत आहे. पाच मिनिटांत फांदीतून बाहेर येईल, बाण सोडीन, मग धावत जाईन आणि तिला दाखवीन, असं ठरवलं होतं.

ती आत गेली. पातेलं घेऊन बाहेर आली, गाडीत ठेवलं, गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर जज्ज झुडपाच्या पलीकडच्या बाजूने निघून गेला. सावकाश. त्याने मला शेवटपर्यंत पाहिलं नाही.

म्हणजे जमलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६

मघाशी घाईत लिहिलं. टेबलाकडे नीट बघितलं नव्हतं.

टेबलावर दोन कप होते. तिने कॉफी केली होती, येताना स्वतःच आणली असावी. एक कप रिकामा. निळा कप काठोकाठ भरलेला, गार. तिने तो माझ्यासाठी भरला होता. बाजूला माझ्या सगळ्या चिठ्ठ्या, सप्टेंबरपासूनच्या, तारखेने लावून रबर घातलेल्या. आजची वर. तिच्यावर माझ्या ओळीखाली मार्लिसचं अक्षर:

"व्हर्लिन, तीनदा हाक मारली. तू दिसत होतास. हरीण आलं असेल असं समजते. नसलं आलं तरी मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. ॲपल पाय ओव्हनमध्ये आहे, दालचिनीचा वास येईल, त्याबद्दल क्षमा कर. थँक्सगिव्हिंगला मी गॉर्डीकडे आहे. वर बसताना सुरक्षेचा पट्टा बांधत जा. मार्लिस."

दिसत होतास म्हणजे कसा? मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अजून थोडा उजेड होता. आभाळावर ओक काळा दिसत होता आणि त्यावर माझी बैठक, तिची चार पट्ट्यांची चौकट, खाली लोंबणारी दोरी, सगळं वेगवेगळं मोजता येईल इतकं स्पष्ट. मी वर नसतानाही.

म्हणजे कोणी तिथे बसलं की या खिडकीतून दिसतं. भांडी घासता घासता मान वर केली की दिसतं. एकतीस वर्षं पानं गळत आली आहेत. तिला चिठ्ठ्यांची गरजच नव्हती. मी नाक खाजवलेलंही तिला दिसत असणार, आणि तिच्याकडे एकदाही न बघितलेलं.

निळ्या कपातली गार कॉफी प्यालो. नऊ आठवड्यांनी. पुष्कळ कडू होती. मला रडू आलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

चूक सापडली. मागे दाट झाड हवं. पुढच्या वर्षी सदाहरित सीडरच्या बाजूला हलवतो.

ॲपल पाय खाल्ला नाही. झाकून ठेवला आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग. दुपारी ४

झाडावर गेलो नाही. वारा बरोबर नव्हता.

गॉर्डीचा सकाळी फोन. "ताट वाढून ठेवतोय, ये." म्हटलं, नको, मार्लिस कदाचित इकडेच निघाली असेल, उगाच चुकामूक व्हायची. तो म्हणाला, "अरे, ती इथे माझ्यासमोर बटाटे सोलतेय, राव." म्हटलं, सोलून झाल्यावर म्हणतोय मी.

दहापासून पुढच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलोय. बंदुकीचा हंगाम चालू आहे, कोणाची गोळी लागू नये म्हणून नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी. रस्त्यावरून कोणालाही दिसेन असा. आत कॉफीचं भांडं गरम आहे, निळा कप भरायचा बाकी आहे. टेबलावर चिठ्ठीही ठेवली, सवय: "ओसरीवर आहे. कुठेही जाणार नाही."

तीन गाड्या गेल्या. तिघांनीही हात केला, मीही केला. तिची नव्हती.

आत्ता जज्ज आला. रस्ता ओलांडून सरळ अंगणात, टपालपेटीजवळच्या सफरचंदाच्या झाडाखाली. बारा पावलं. धनुष्य वर माळ्यावर आहे. मी हललो, वही पडली, मी ती उचलली, खोकलो. त्याने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिलं. मी त्याला म्हटलं, बस रे. त्याने मान खाली घातली आणि सफरचंदं खायला लागला. अजून खातोय.