सम तारखा

ताई, आधी बस, मग वाच.

काल तुला जाऊन महिना झाला. दुकानात तुझ्या टेबलावरची इस्त्री अजून तशीच थंड आहे. टोमणे मारायला समोर कुणी नाही, म्हणून माझ्या घड्याही वाकड्या पडतात.

डॉक्टर दोघींना म्हणाले होते, "काही दुखो न दुखो, रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची." बाहेर आल्यावर तू हसलीस. "दुखत नसताना औषध घ्यायला आपण काय बंगलेवाल्या? एकीच्या गोळ्यांत दोघींचं भागवू." सम तारखा तुझ्या, विषम माझ्या. एकदा गिऱ्हाइकाच्या खिशात आपल्याच गोळीचं अख्खं पाकीट निघालं. तू ते शर्टाच्या घडीवर ठेवून परत केलंस. म्हणालीस, "त्यांना रोज लागते गं."

एक सांगायचं राहिलं. विषम तारखा मी मुद्दाम मागून घेतल्या होत्या. एकतीस तारखेमागून एक तारीख येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस गोळी माझीच. तुझ्या ते लक्षात येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तीस तारखेला घेतलीस ती तुझी शेवटची. एक तारखेला सकाळी कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता तू खाली बसलीस. डॉक्टर म्हणतात, एका दिवसानं काही होत नसतं. म्हणू देत.

आता सगळ्या गोळ्या माझ्या एकटीच्या आहेत. पण सकाळपासून एक हातात धरून बसलेय. आज दोन तारीख, ताई. आज तुझी पाळी आहे.

तुझी लबाड धाकटी