वस्ताद थांबेपर्यंत

सर,

सूर्यनमस्कार घालताना तालमीच्या मातीवर सगळ्यांचे पाय एकदम मागे पडत, तो आवाज अजून कानात आहे. धप्प. मग तुमचा हुंकार, मग पुन्हा धप्प. मला तो कवितेच्या ठेक्यासारखा वाटायचा, आणि तसं बोललो की तुम्ही म्हणायचात, ‘कवी, तोंड बंद, छाती पुढे.’ दिवसा तुम्ही शाळेत आमचे कवायतीचे सर, संध्याकाळी पंचवटीतल्या तालमीचे वस्ताद. जोर-बैठका सगळ्यांना सारख्याच, मग तो पैलवान असो की माझ्यासारखी काडी. अंग तापलं तर घाम काढायचा. आणि वस्ताद थांबेपर्यंत कोणी थांबायचं नाही.

ऐंशी सालच्या आसपास तुम्हाला हार्ट अटॅक आला. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात कारकून होतो. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी गोळ्यांबरोबर व्यायामही लिहून दिला. सपाट रस्त्यानं चालायचं, हळूहळू वाढवायचं, श्वास कोंडून जोर लावायचा नाही. ‘चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली की उभं राहायचं. छातीत दुखलं तर तिथंच बसायचं, आणि कुणाला तरी इकडे आणायला सांगायचं.’ बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, ‘बाई मला बाळंतिणीचा व्यायाम सांगते रे!’

तरी चाललात. कामावरून सुटलो की मी यायचो, आणि आपण गोदाकाठानं निघायचो. बोलायला काही सुचेना म्हणून मी शाळेतल्या कविता म्हणायचो, तुम्ही मागून ओळ म्हणायचात, हमखास चुकीची. आत्ताही दिसतंय मला. तुम्ही मध्येच ओळ सोडता, घाटाच्या भिंतीला हात टेकता, आणि समोरून ओळखीचं कोणी आलं की चप्पल झटकता. ‘खडा गेला रे.’ खडा कधीच नसतो.

मग नागपंचमी आली. त्या दिवशी तालमीत सगळ्यांनी मिळून नमस्कार घालायची रीत. काकूंनी तुमची बाही धरली होती. ‘अगं, नुसतं बघून येतो,’ म्हणालात. पण पोरांनी वाट करून दिली आणि तुम्ही पुढे जाऊन उभे राहिलात. थोड्याच वेळात हुंकार बंद झाला. ओठ काळेनिळे पडले. तुम्ही थांबला नव्हतात म्हणून पोरं थांबत नव्हती, आणि पोरं बघताहेत म्हणून तुम्हाला थांबता येत नव्हतं. मातीत पालथे झालात ते उठलाच नाहीत. बायामाणसांत नंतर बोलणं झालं, डॉक्टरीणबाईनं चालवून चालवून मारलं.

आता मी तुमच्यापेक्षा म्हातारा आहे, सर. माझंही हृदयाचं ऑपरेशन झालं. इथल्या तरण्या डॉक्टरानंही तेच सांगितलंय, बोलत बोलत चाला. मुलाला फोनवर सांगतो, रोज फिरतो. खरं सांगू? मी गॅलरीतल्या खुर्चीतून उठतच नाही. जरा धाप लागली की तुमचे ओठ दिसतात. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर

बेल वाजली म्हणून उठलो होतो. दारात कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी. कधी वर आलेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसकण मारून बसलीय.

‘आप्पा, लय दिस झाले, दिसला नाय. म्हटलं, म्हातारं गेलं का काय!’

‘अहो, दमा ना तुम्हाला? तीन मजले चढलात?’

‘दर मजल्यावर बसले की. कोणती गाडी सुटत हाय माझी? चला, मला खाली सोडा.’

चपला शोधायला आत आलोय, सर, आणि हे लिहीत उभा आहे. बाहेरून ती विचारतेय, ‘येता का जाऊ?’