मशीनरूमच्या दारावरची सही

प्रिय पियुष,

अलीझा पालथी पडायला लागली. अम्मी म्हणते, पियुषला कळव. चार महिन्यांत तुला एक फोन करायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता मुलीची बातमी सांगायला बसलोय. हस हवं तर.

आपल्या शेतकरी-अर्जांच्या पोर्टलपुढचं ते सॉफ्टवेअर अजून तेच आहे. तू अम्मीला समजावलं होतंस, 'दवाखान्याच्या दाराशी कंपाउंडर असते ना, कोनाले कोन्या डॉक्टरकडे धाडायचं ते ठरवते? तसंच हे, लोकायले मागच्या तीन सर्व्हरवर वाटून देते.' अम्मी अजून विचारते, तुमचा कंपाउंडर बरा आहे का. बरा आहे. आता अपडेट आलं की मी त्याच दिवशी करतो. अक्कल आली, पण तुझी नोकरी गेल्यावर.

मशीनरूमच्या दारावरचा कागदही तसाच आहे. अपडेट केलं की तारीख आणि सही, आणि दुपारी अमरावतीच्या साहेबांना त्याचा फोटो. शुक्रवारी मी नमाजाला गेलो की माझं काम करून माझी सही तू ठोकायचास. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला तू रजा न टाकता मोझरीला गेलास की तुझी मी. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. त्या दिवशीही तू मोझरीला होतास. संत्र्याच्या फळगळीच्या भरपाईसाठी नोंदणी करायचा शेवटचा दिवस, आणि सकाळीच सुरक्षेचं अपडेट आलं: बाहेरच्याला आत शिरता येईल असं भोक त्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलं होतं. पाळी तुझी होती. अपडेटसाठी ते बंद करून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे हजारोंचे अर्धे भरलेले अर्ज अडकणार. गर्दी ओसरली की करू म्हटलं. फोटो पाठवायचा म्हणून तुझी सही मात्र आधीच केली, आणि संध्याकाळी विसरून घरी गेलो. सोमवारी कळलं, कोणीतरी त्याच भोकातून शिरून मोर्शी तालुक्याचे सगळे अर्ज बॅकअपसकट पुसले होते. त्यात तुझ्या गावाचेही होते.

साहेबांनी तो कागद तुझ्यापुढे धरला, तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. अलीझा वीस दिवसांची होती, तेच तुझ्या मनात आलं असणार. तू मान खाली घातलीस आणि मी स्क्रीनकडे बघत राहिलो. मला लाज वाटते, पियुष. जानरावकाकांनी, तुझ्या सख्ख्या वडिलांनी, तुझ्याशी बोलणं टाकलं, हेही मला कळलं होतं. तरी मी साहेबांकडे गेलो नाही.

आज सुभद्राकाकू आल्यात, उरल्यासुरल्या संत्र्यांची पिशवी घेऊन. अलीझाला मांडीवर घेऊन मला म्हणाल्या, 'माह्या पोराच्या हातून चुकलं बाप्पा. गावात कोनी बोलत नाई त्याच्याशी. पन तू त्याले अंतर देऊ नको.' म्हणजे तू घरीही माझं नाव घेतलं नाहीस. पाणी आणतो म्हणून मी आत आलो, तो हे लिहीत बसलोय. साहेबांसाठीचा कबुलीजबाबही लिहून ठेवलाय. खाली सही माझी, माझ्याच नावाची. हे पत्र काकूंच्या पिशवीत गुपचूप सरकवणार होतो. पण नाही. बाहेर जाऊन आधी त्यांनाच वाचून दाखवतो. तुझ्या हातात हे पडलं तर समज, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तरीही ते तुझ्यापर्यंत आणलं.

तुझाच,
परवेज