दोन्ही खांद्यांचं माप

४ फेब्रुवारी

हे होते तेव्हाची एक सकाळ आठवली. मी आमचं शिवणाचं दुकान झाडून घेत होते. पडदे वर केले, इस्त्री तापत ठेवली, फरशीवरच्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा केल्या. हे कटिंगच्या टेबलाशी, कानामागे खडू. समोर पोरगी लॅपटॉप उघडून. "बाबा, बाहीचा मुंढा कसा काढायचा ते सांगा. सावकाश, मी टिपतेय."

हे हसले. "सांगून येतं होय ते? बरं, लिही." आणि सांगत गेले — छाती, पाठ, खांदा, बाही. मी चहा आणून ठेवला तरी दोघांची मान वर नाही.

आज आठवायचं कारण, त्यातूनच पोरीने ती लायब्ररी केली. पुस्तकं नाहीत तिच्यात! तो कॉम्प्युटरचा कोड आहे. मापं घातली की कापडावर ठेवायचा कागदी नमुना काढून देतो. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, चुकलं तर सांगावं. हे गेल्यानंतरची पहिली नवी आवृत्ती आता निघायची आहे. दुकानाच्याच खोलीत बसते ती. टेबल तेच.

७ फेब्रुवारी

पोरीने मला काम दिलं! लायब्ररी 'कशी वापरायची' ते सांगणारं मराठी पान वाचायचं आणि अडेल तिथे खूण करायची. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले ती कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर. हळू वाचते, पण एक ओळ सोडत नाही. बऱ्याच ठिकाणी अडले. पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, सगळं पानच परत लिहावं लागणार!" आणि खरंच लिहायला बसली.

लायब्ररी वापरणाऱ्या लोकांचे निरोपही तिने मराठीत करून दिले, तेही वाचले. चूक दाखवली की हे लोक आभार मानतात! आमच्या नात्यात चूक दाखवली की अबोला, तो कुणाच्या तरी लग्नापर्यंत.

९ फेब्रुवारी

लांबच्या देशातली एक बाई आहे, मुलींना शिवण शिकवते. तिच्या पाठीला जन्मापासून बाक. तिने लिहिलंय — तुमचा नमुना एकाच खांद्याचं माप विचारतो. माझे दोन खांदे वेगळे आहेत. माझ्या वर्गात अशा आणखी मुली आहेत. आमचा प्रत्येक कपडा एका बाजूला लोंबतो.

नुसती तक्रार नाही. दोन्ही खांदे वेगळे मोजायची दुरुस्तीही तिने स्वतः करून पाठवली आहे.

पोरीबरोबर काम करणारा दाढीवाला स्क्रीनवर आला होता. "छान केलंय. घेऊन टाकू."

"नाही. खांद्याचं सगळं बाबांचं आहे. त्याला हात लावायचा नाही."

"अगं, मग त्या मुलींनी घालायचं काय?"

तिने लॅपटॉप मिटला.

१० फेब्रुवारी

पोरगी रागावलीय. भांडी जोरजोरात घासते.

१२ फेब्रुवारी

शेवटी मीच विषय काढला. "गिऱ्हाईक कपडा परत घेऊन आलं तर तुझे बाबा काय करायचे?"

"उसवायचे."

"वाद घालायचे?"

"कधीच नाही."

"मग तुझं काय अडलंय?"

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "आई, त्यांच्या तोंडचं एवढंच आहे गं माझ्याकडे. जसंच्या तसं."

ह्यांचा चष्मा मी अजून रोज पुसते, मी काय बोलणार? पण मग म्हटलं, "तुझे बाबा जसेच्या तसे राहावेत म्हणून परक्या पोरींनी वाकडे कपडे घालायचे होय?"

रडली. मग नाक पुसत हसली. "तू ना, बाबांपेक्षा कडक आहेस."

"ते मऊ होते म्हणून मला व्हावं लागलं."

१५ फेब्रुवारी

काय निगुतीने करते पोरगी! खांदे आता दोन मोजायचे, पण कुणी जुन्या सवयीने एकच माप दिलं तरी चालेल. त्याला कळवायचं — ही पद्धत पुढे कधीतरी बंद होईल, सवय करून ठेवा. असं आधी सांगणं मला फार आवडलं. माणसं इतकं सांगून जात नाहीत.

कुठेही बदल केला की कॉम्प्युटर सगळे जुने नमुने परत काढून बघतो, काही बिघडलं तर लाल रंगात ओरडतो. आज सगळं हिरवं. त्या बाईच्या वर्गाने नव्या नमुन्याचे कपडे शिवून फोटो पाठवले. एक मुलगी दोन्ही हात वर करून उभी. कपडा अंगाला कसा चापूनचोपून बसलाय!

१८ फेब्रुवारी

नवी आवृत्ती निघाली. एक बटण दाबलं आणि पोरगी म्हणाली, "झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आता लोक शिव्या घालतील, मग दुरुस्त करायचं."

काय काय बदललं त्या यादीत त्या बाईचं नाव सगळ्यात वर. ह्यांचं नाव पहिल्या आवृत्तीपासून होतं तिथेच आहे.

मग पोरगी टेप घेऊन आली. "चल, पहिलं माप तुझं." मोजलं. परत मोजलं. "आई, तुझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."

"काहीतरीच! जन्मभर तुझ्या बाबांनी शिवलेलं घालतेय. कधी लोंबलं का काही?"

तिने तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच आलं. मला रागच आला.

१९ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी शिवलेला थंडीचा कोट काढला आणि अस्तर उसवलं. डाव्या खांद्यात कापडाची अर्धा इंच जाड जादा घडी, बारीक टाक्यांनी बसवलेली. उजव्यात काही नाही. त्याच्या आधीचा कोट उसवला. त्यातही तसंच. पोरीला हाक मारली. मग दोघींनी बसून अस्तरं परत शिवली.