नजर माझी, शंका त्यांची

३ डिसेंबर
शाळेची बस चालवायला लागून एकतीस वर्षं झाली. आज परवाना ऑफिसचं पत्र आलं. साठीपुढच्या ड्रायव्हरांनी दर वर्षी मेडिकल द्यायची म्हणे. मी फक्त चौसष्ट! नजर घारीची. तरी उद्यापासून पहाटे चालणं, मीठ बंद.

४ डिसेंबर
चाललो नाही. पाय ठणठणीत आहेत, उगाच झिजवायचे कशाला? आमटी अळणी होती, वरून मीठ घेतलं.

६ डिसेंबर
हल्ली स्टॉपवर मुलं दोन्ही हात वर करून उड्या मारतात. केवढं हे प्रेम! बसमधल्या मावशींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, आयांनीच शिकवलंय, मागच्या आठवड्यात दोघी पोरींना स्टॉपवरच सोडून पुढे गेलात ना! मावशींना भावनाच नाहीत.

९ डिसेंबर, सकाळी सात
वळणावर लाल स्वेटरमधली मुलगी उभी. थांबलो, दार उघडलं. चढेना. दोनदा हॉर्न दिला. मावशी म्हणाल्या, टपालपेटी आहे ती. सगळी बस हसली. शिस्त म्हणून राहिली नाही.

११ डिसेंबर
मेहुण्याकडून डोळ्यांच्या तक्त्याचा फोटो मिळवला. मोठा करून पाठ केला. ही कॉपी नव्हे, पूर्वतयारी.

१३ डिसेंबर
मेडिकल. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून लहान. वाचा म्हणाल्या. पाच ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. त्या म्हणाल्या, काका, तक्ता मागच्या भिंतीवर आहे, समोर हात धुण्याची सूचना आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत बस बंद. सगळं राजकारण!

१४ डिसेंबर
चावी देणार नाही, असं मॅनेजरला ठणकावणार होतो. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, परवा झेब्रा क्रॉसिंगवर मी ओरडले नसते तर? चाकापुढे पहिलीतली पोरगी होती. बोलता बोलता त्यांना रडू आलं. मी म्हटलं, ब्रेक तर मीच मारला ना! चावी टेबलावर ठेवली. हात दुखत होता म्हणून.

२ जानेवारी
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी निघाली. सगळं लख्ख दिसतंय! बायकोबरोबर दवाखान्यातून निघालो, तर समोरून एक म्हातारा आला. गाल बसलेले, मान पुढे काढून चाचपडत चालणारा. मनात म्हटलं, अशांच्या हाती बस देऊच नये. ‘या आजोबा’ म्हणून बाजूला झालो. तोही झाला.
बायको म्हणाली, अहो, काचेचं दार आहे ते.