सईचे पाट आणि साठ बाय साठचं यंत्र

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सईच्या पाटांच्या फळ्या रंधून झाल्या. जुनं सागवान, अठरा बाय बावीस इंच. रंधा दोन्ही हातांनी धरायचा, म्हणून निभावलं. कोरणीवर मारायची मोगरी मात्र एकट्या उजव्या हाताची. कमळाच्या पहिल्याच पाकळीला कोरणी सटकली. फळीवर हा लांब ओरखडा. उलटी करून ठेवली.
आमच्या घरात नवरानवरी बसतात ते पाट माझ्या हातचे. मुलाच्या, अविच्या लग्नात माझेच, दोन्ही पुतण्यांच्या लग्नांत माझेच. आता अविची मुलगी सई. मार्गशीर्षात. पोरीनं पुण्यात सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय, आजोबांच्या हातचे पाट.
हात थरथरतो हे डॉक्टरांशिवाय फक्त सौ.ला ठाऊक.

२१ सप्टें., रवि.
मोबाईलवर एक यंत्र पाहिलं. हौशी सुतारांसाठी, टेबलावर मावणारं. सीएनसी राउटर म्हणतात. कॉम्प्युटरला चित्र द्यायचं, ते लाकडात उतरवतं. चार वेळा पाहिलं.
सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला गजर लावता येईना मोबाईलवर. यंत्र काय लावताय?"
अविला फोन केला. म्हटलं, हौस. तो हसला. "घ्या की बाबा. पण पाट हातानंच कोरणार ना? मग घाई कशाला? दिवाळीनंतर बघू निवांत."
 निवांत म्हणालो.

२४ सप्टें.
कोणतं घ्यावं? स्वस्तातलं आहे त्याची जागा तीस बाय अठरा सेंटिमीटर. त्यात पाट नव्हे, पाटाचा कोपरा बसेल. साठ बाय साठचं पुरेल, पण त्यातही प्रकार. एकाची कोरणारी गाडी रबरी पट्ट्यावर पळते, दुसऱ्याची आट्याच्या दांड्यावर. विकणाऱ्याला फोन लावला. "अंकल, बेल्ट चाहिए या स्क्रू?" मी म्हणालो, "कमल चाहिए."  तो म्हणाला, "अंकल, घर में कोई और है क्या?"
वहीत दोन रकाने आखले. दोन्ही भरले. ठरलं काहीच नाही.

२६ सप्टें.
यासीनकडे गेलो, अक्कलकोट रोडला. माझा विद्यार्थी, सातवी ब. कविता पाठ नसायची, पण चालीवर म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. आता केस पांढरे. मोठ्या सीएनसीवर दारं कोरतो.
"सर, तुमी? बसा, बसा. ए, खुर्ची दे रे सरांना. आन् पुसून दे!"
यंत्र चालवून दाखवलं. नजर हटेना. मी मोगरी मारायचो ती भुजंगप्रयातात, लगागा लगागा. यतीला हात आपोआप थांबायचा, तिथं पाकळी वळायची. याला यती नाही. एकच सूर, न थकता. तरी पाकळी वळते, आणि काय सुरेख वळते. वाईट वाटलं आणि हेवाही.
यासीन म्हणाला, "स्क्रूवालंच घ्या सर. पट्टा ढिला पडला की कमळाचा कोबी होतो."

१ ऑक्टो., खंडेनवमी
यासीनच्या कारखान्यात कामगार दरवर्षी हत्यारांची पूजा करतात. या वर्षी म्हणाला, "सरांच्या हातानं." नाही म्हणता आलं नाही. कुंकू, गंध, झेंडू. हात नको तेव्हाच जास्त हलतो. गंधाची वाटी कलंडली, यंत्राच्या टोकाशी सगळं सांडलं. मी फुलांनी झाकलं. कुणी पाहिलं नाही असं वाटलं.

४ ऑक्टो.
यंत्र बंद पडलं. टोकाला एक छोटी कळ असते, गाडी तिला येऊन टेकली की यंत्राला कळतं, घरी आलो. माझं गंध तिच्यात वाळून बसलं होतं. कळ दाबलेलीच. गाडी मधेच उभी आणि समजते, घरी पोचले. यंत्रालाही चकवा बसतो हे ऐकून क्षणभर बरंच वाटलं, मग लाज. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याची दारं अडकली.
सगळं कबूल केलं. यासीन म्हणाला, "सर, क्या आप भी! कळ बदलली की झालं." मग हळूच, "हात कधीपास्नं हलतोय?"
हात खिशात घातला. त्यानं चहा मागवला, अर्धाच कप भरायला सांगितला.

८ ऑक्टो.
नवी कळ रविवारीच बसली. तेव्हाच यासीन म्हणाला, "चित्र आणा, माझ्या यंत्रावर नमुना काढू. मग ठरवा, घ्यायचं का नाही." आंब्याच्या फळीवर काढणार.
तीन दिवस कमळ काढतोय. शाळेत फळ्यावर एका रेघेत काढायचो, मुलं श्वास रोखायची. आता प्रत्येक पाकळीच्या कडेला झालर. शेवटी तसंच नेलं. यासीननं कॉम्प्युटरवर घेतलं आणि म्हणाला, "सर, एक बटन दाबलं की ही थरथर जाते. रेघ गुळगुळीत."
दाबलं. गेली. इतकी सोपी.
मी म्हणालो, दोन्ही कोर.

१३ ऑक्टो.
दोन्ही नमुने आले. थरथरतं कमळ बघवेना. प्रत्येक हिसका जिथल्या तिथं, एकही चुकवला नाही. माझा कंप यंत्रानं जराही न थरथरता कोरला.
सौ.नं दोन्हींवरून बोट फिरवलं. गुळगुळीत बाजूला ठेवलं. "हे छान आहे. कुणाचंय?"
आता साठ बाय साठ घेतलं तरी पंचाईत. थरथरतं कोरलं तर मांडवात सगळ्यांना कळेल. गुळगुळीत कोरलं तर आजोबांच्या हातचे म्हणून सई ज्यावर बसेल, ते पाट माझे नसतील. आणि ऑर्डर करायला, जोडायला, शिकवायला अवि हवा. यासीन म्हणतो, "सर, माझ्याकडंच कोरू की." पण मग माझं त्यात काय?

१५ ऑक्टो., बुध.
सईचा फोन. "आजोबा, कोरताना व्हिडिओ पाठवा ना, लग्नात लावू." हो म्हणालो. का म्हणालो?
सौ. समोर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "आता लपवाल तरी किती? लावा अविला."
लावला. म्हटलं, अवि, ते यंत्र हौसेसाठी नाही रे. माझा उजवा हात…
 "कधीपासून, बाबा?" महिना आठवत राहिलो, नीट सांगता आला नाही.
"शनिवारी येतो," म्हणाला, "गाडी घेऊन."
यंत्र आणायला की मला न्यायला, ते मी विचारलं नाही.